शेजारच्या खोलीतली पत्रं

मास्तरांची बायको सव्वीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक विभागात होती. आलेलं पत्र वहीत चढवायचं, गेलेलं पत्र वहीत चढवायचं, आणि आलेल्याला उत्तर गेलं नसेल तर साहेबाच्या मागे हात धुऊन लागायचं, एवढं तिचं काम. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, तसं तिने नवऱ्याकडे लक्ष वळवलं.

मास्तर क्लॅरिनेट वाजवत. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं होतं. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, वाद्यवृंदाचं लहान अक्षरात, आणि यांचं कुठेच नाही. संध्याकाळी शिकवण्या घेत म्हणून सगळे मास्तर म्हणत. बायकोही मास्तरच म्हणायची, फक्त तिच्या म्हणण्यात थोडी थट्टा असायची.

"तुम्ही चांगलं वाजवता," ती एकदा म्हणाली. "पण ते ठाऊक कोणाला आहे? मला आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलाला. त्यातला वकील तक्रार करतो."

लेक एका फरशीच्या कंपनीत होती. गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायचं खातं तिच्याकडे होतं. तिने आईला ब्लॉग काढून दिला आणि लेखाच्या खाली एक चौकोन ठेवला. ज्याला पुढची पत्रं हवी असतील त्याने तिथे आपला ईमेल पत्ता लिहायचा. ब्लॉगला नाव दिलं 'शेजारची खोली', कारण मास्तर एका खोलीत वाजवत आणि बायको शेजारच्या खोलीत बसून लिही.

संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे ती ऐकू येईल तेवढंच लिहायची. आज एकच ओळ चाळीस वेळा वाजली आणि एकेचाळिसाव्या वेळी मास्तर स्वतःलाच 'गाढवा' म्हणाले. आज नवी रीड लावली, म्हणजे तोंडाशी बसवायची ती वेताची पातळ पट्टी, आणि ती अशी चिरकली की दूध बघायला गेलेली मी पातेलं टाकून परत आले. खाली दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण असे. ते ती फोन खिडकीत ठेवून करी, त्यामुळे मधेच कुणाचा तरी स्कूटरचा हॉर्नही असे. लोकांना ते आवडायला लागलं. का ते मास्तरांना कधी समजलं नाही.

तिचे नियम कचेरीतलेच होते. स्वतःहून मागितल्याशिवाय कुणाला यादीत घालायचं नाही. नातेवाईक तर नकोतच. "ते वाचत नाहीत आणि वाचलं म्हणून सांगतात," असं तिचं म्हणणं. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी पत्र जायचं. आणि कुणाचं उत्तर आलं की तीन दिवसांत त्याला उत्तर. आवक आली की जावक झालीच पाहिजे.

लेकीने मार्केटिंगच्या चार गोष्टी सांगून पाहिल्या. विषयाच्या ओळीत घाई दाखव, सवलत दे, लाल बटण घाल. आई म्हणाली, "मी फरशी विकत नाहीये." तीन वर्षांत यादीत सहाशे बारा माणसं झाली. त्यातली जवळजवळ चारशे प्रत्येक पत्र उघडत. लेकीच्या कंपनीची यादी चाळीस हजारांची होती आणि तिथे एवढं प्रमाण कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

मग बायकोने वाचनालयाचं सभागृह ठरवलं. एकशे ऐंशी खुर्च्या, मास्तरांचा एकट्याचा पहिला कार्यक्रम. तारीख वर्षभर पुढची मिळाली. त्या वर्षाच्या मध्यावर ती आजारी पडली आणि नऊ आठवड्यांत गेली.

यादीतल्या कुणाला हे कळलं नाही. कळणार कसं, नातेवाईक त्यात नव्हतेच.

तिने पुढची तीन पत्रं आधीच लिहून ठेवली होती. पंधरवड्याचा शुक्रवार आला तेव्हा मास्तरांनी पहिलं उघडलं, वाचलं आणि पाठवायचं बटण दाबलं. त्यात लबाडी नव्हती. पत्र तिचंच होतं, तिच्या हातून जायचं राहिलं होतं एवढंच. दुसरं गेलं. तिसरं गेलं. पण पत्र गेलं की उत्तरं येत. कुणी विचारी, मास्तरांचा खोकला कसा आहे. कुणी लिही, तुमचं दूध परत उतू गेलं का. ती उत्तरं पडून राहू लागली आणि मास्तरांना ते बघवेना. घरात तीस वर्षं जे ऐकलं ते अंगात भिनलेलं होतं.

त्यात एक बाई होती. दोन तासांच्या अंतरावरच्या गावात तिचं किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं. दुकानात ती मास्तरांची ध्वनिमुद्रणं लावायची. वर्षभर तिचा आणि बायकोचा पत्रव्यवहार चालला होता. तिने लिहिलं होतं, 'ताई, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तुमचं असं कधी होत नाही. माझं काही चुकलं का?'

मास्तरांनी लिहिलं, 'तुमचं काही चुकलं नाही. इकडे जरा गडबड होती.' खाली सही करायची वेळ आली तेव्हा नेहमी असायची तीच केली, 'शेजारच्या खोलीतून'. लिहून झाल्यावर त्यांना ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

त्यानंतर चौथं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. मग पाचवं. मास्तरांबद्दल ती काय लिहील ते त्यांना पाठ होतं. दिवसभर ते वाजवत आणि संध्याकाळी शेजारच्या खोलीत जाऊन आपल्यालाच नावं ठेवत. कार्यक्रमाची तिकिटंही त्या पत्रांतूनच जात होती. शंभरावर खुर्च्या भरल्या.

आठवं पत्र गेलं त्या रविवारी लेक आली. तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"बाबा, आईने किती पत्रं लिहून ठेवली होती?"

"तीन."

"आणि गेली किती?"

"आठ."

"मग पाच कोणी लिहिली?"

"घरात आहे कोण आणखी?"

लेक खुर्चीत बसली. "मला आधीच कळायला हवं होतं. मी उघडून वाचायचेच नाही. आईची पत्रं वाचवत नव्हती. परवा वाचलं तर त्यात नळ दुरुस्त करणारा आला. तो माणूस गेल्या मंगळवारी आला. मीच पाठवला त्याला."

"चांगलं काम केलं त्याने."

"बाबा."

"बोल की."

"आमच्या कंपनीत 'तुमची मैत्रीण' म्हणून एक मिशीवाला सही करतो. सगळ्यांना माहीत असतं की फरशीला कोणी मैत्रीण नसते. ही माणसं तशी नाहीत. यातली निम्मी कार्यक्रमाला तुमच्यासाठी येतच नाहीयेत. आईला बघायला येतायत."

मास्तरांनी रीड जिभेवर ठेवून भिजवायला घेतली. तोंडात काही असलं की उत्तर द्यावं लागत नाही, ही वादकांची जुनी सोय आहे.

"आता सांगितलं तर तिकिटं परत करतील," लेक जरा वेळाने म्हणाली. "नाही सांगितलं तर तिथे येऊन विचारतील. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर नवीन काही लिहू नका. कुणाला उत्तरही देऊ नका."

मास्तरांनी मान डोलावली. पण त्याच आठवड्यात किल्लीवालीचं पत्र आलं. कार्यक्रमाला ती येणार होती, आणि 'ताई, तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवा' असं तिने लिहिलं होतं. मास्तरांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं की मला बरं नाही, मी कार्यक्रमाला नसेन.

उत्तर तासाभरात आलं. 'पत्ता पाठवा. मी येते आणि चार दिवस राहते. दुकान दीर बघेल, यांना नणंदेकडे ठेवते. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सख्ख्या बहिणीने केलं नसतं.'

मास्तर ते वाचून उठले आणि घरभर एक फेरी मारून परत बसले. बायकोने काय केलं ते त्यांना ठाऊक होतं, कारण ते तिने केलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. किल्लीवालीच्या नवऱ्याला विसर पडायचा आजार होता. दुकान त्यानेच काढलेलं, पण आता तो कुलूप आणि किल्ली यांचा संबंध विसरला होता. दिसेल ती किल्ली उचलून पिठाच्या डब्यात नाहीतर बुटात लपवी. एक दिवस त्याने तिच्यावर हात उगारला. तिने त्याला खोलीत ढकललं, बाहेरून कुलूप लावलं आणि तासभर पायरीवर बसून राहिली. आत तो दार वाजवत होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. 'ताई, तुम्ही बाई आहात म्हणून सांगते,' असं लिहून तिने सांगितलं ते मास्तरांना.

आणि मास्तरांनी ताईच्या नावाने उत्तर दिलं होतं, की मन खाऊ नका, माणूस दमतो. मीही एकदा यांच्यावर दार लावून घेतलं होतं. हे आजारी होते, हाका मारत होते आणि मी उघडलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी पहिली बस पकडली. लेकीला सांगितलं नाही.

दुकान एका बँकेच्या जिन्याखाली होतं, कपाटाएवढं. आत जेमतेम एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर कोऱ्या किल्ल्या. किल्लीवाली पन्नाशीची होती, नाकावर संरक्षक चष्मा. यंत्राच्या आवाजात ती ओरडूनच बोलत होती.

"बोला काका, कसली किल्ली?"

"किल्ली नको. मी क्लॅरिनेट वाजवतो."

तिने यंत्र बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला. "मास्तर? तुम्ही? ताई कशा आहेत?"

बसमध्ये दोन तास त्यांनी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही जागेवर सापडलं नाही. "ती गेली," ते म्हणाले. "कालपरवा नाही. चार महिने झाले."

किल्लीवालीने बोटांवर महिने मोजले. एवढ्यात एक माणूस आला. त्याला कपाटाच्या दोन किल्ल्या हव्या होत्या. तिने त्याची किल्ली घेतली, कोरी शोधली, यंत्रात बसवली आणि घासली. दोन्ही करून दिल्या. तो गेल्यावर म्हणाली, "मग मला लिहीत कोण होतं?"

"मी."

"कधीपासून?"

"तुम्ही विचारलंत ना, माझं काही चुकलं का. तिथपासून."

"म्हणजे कोंडल्याचं तुम्ही वाचलंत."

"हो."

"परक्या पुरुषाला मी ते सांगितलं."

"हो."

"तोंड वर करून हो म्हणताय."

"नाही म्हणायला आलो असतो तर पत्रच लिहिलं असतं," मास्तर म्हणाले.

तिने एक कोरी किल्ली खिळ्यावरून काढली, परत अडकवली. "एक सांगा. ताईंनी तुमच्यावर दार लावलं होतं, ते खरं?"

मास्तरांना जिन्याच्या पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या. "नाही. ती तशी नव्हती. तापाने फणफणलेली असली तरी मी हाक मारली की ओ द्यायची."

"तुम्ही रचलंत."

"हो."

"म्हणजे असं करणारी जगात मी एकटीच." ती हे रागाने म्हणाली नाही. हिशेब चुकला हे कळल्यावर माणूस बोलतो तशी बोलली. "चार आठवडे मी त्या एका ओळीवर काढले, मास्तर. यांना जेवण भरवताना ती ओळ म्हणायचे मनात. ताईंसारखी बाईसुद्धा चुकते तर आपलं काय, असं. आणि ते तुम्ही बनवून दिलंत."

"सगळं नाही बनवलं."

"आता काय उरलं?"

मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकले. "दार लावलं होतं, पण ते मी. तिचे शेवटचे तीन आठवडे. ती शेजारच्या खोलीत पडून होती. दर दहा मिनिटांनी हाक मारायची. पाणी हवंय, उशी हवीय, कधी नुसतंच. एक दिवस मी माझ्या खोलीत गेलो, दार लावलं आणि वाजवायला लागलो. लांब सूर. ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने. मधे श्वास घ्यायला थांबलो की हाक ऐकू यायची. मी पुन्हा फुंकायचो."

बँकेतून कुणीतरी उतरलं. मास्तरांनी पाय आखडून वाट दिली.

"ते तुमचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात हेच आलं. माझ्या नावाने लिहायची सोय नव्हती. म्हणून तिच्या नावावर लिहिलं. करणारा मी आणि बोल तिला. गेलेल्या माणसावर ढकललं, कारण ती नाही म्हणायला येणार नव्हती."

किल्लीवालीने विचारलं, "किती वेळ?"

"काय?"

"दार किती वेळ लावलं होतं?"

"वीस मिनिटं. बावीस असतील."

"मी तासभर."

नंतर तिने विचारलं, "उघडल्यावर काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आज सूर बरा लागलाय."

"खरं वाटून म्हणाल्या की टोमणा?"

"तेच समजलं नाही. चाळीस वर्षं संसार केला, पण तिची थट्टा आणि तिचं खरं यांतला फरक मला नीट कधी कळलाच नाही. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

किल्लीवालीने चष्मा खाली ओढला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्यामुळे मास्तरांना दिसलं नाही. "मी दार उघडल्यावर यांनी मला विचारलं, तुम्ही कोण," ती म्हणाली. "मग म्हणाले, बाई, जेवलात का."

तिने यंत्र सुरू केलं, पण त्यात किल्ली नव्हती. ते नुसतंच फिरलं. तिने ते बंद केलं.

"माझी पत्रं काढून टाका," ती म्हणाली. "ताईंना लिहिलेलीसुद्धा. आणि माझं नाव यादीतून काढा."

"काढतो."

"आणि बाकीच्यांना सांगा. कार्यक्रमाच्या आधी. आणखी एकजण असा जिन्याखाली ताटकळत बसलेला असेल, तुमच्या ताईंच्या उत्तरासाठी."

"कार्यक्रमाला याल का, हे विचारायची माझी लायकी नाही."

"नाहीच आहे," किल्लीवाली म्हणाली. मग जरा थांबून, "परतीची बस पावणेबाराला आहे. ती चुकली तर तीनपर्यंत नाही."

घरी येऊन मास्तरांनी हातपाय धुतले आणि शेजारच्या खोलीत बसले. यादी उघडली. किल्लीवालीचा पत्ता शोधला. पत्ता काढायच्या आधी संगणक विचारतो, नक्की काढायचा का. त्यांनी हो म्हटलं. मग तिची सगळी पत्रं एकेक करून पुसली. बायकोने तिला लिहिलेली उत्तरंही त्यांनाच जोडलेली होती, तीही गेली. त्यातलं एक वाचावं असं त्यांना फार वाटलं. वाचलं नाही.

नंतर त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. दाराचं तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"तुझी आई होती ती."

"म्हणूनच सांगायचं. मी आठवड्यातून दोनदा यायचे, बाबा. मलाही निघताना सुटल्यासारखं वाटायचं. जिना उतरून मी पळायचेच." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "पत्र लिहा. मी बघणार नाही, दुरुस्त करणार नाही. फक्त पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी तुमचं नाव घाला."

पत्र अर्ध्या पानाचं झालं. ही पत्रं लिहिणारी माझी बायको चार महिन्यांपूर्वी वारली. तिने लिहिलेली शेवटची तीन पत्रं मी पाठवली, त्यानंतरची पाच मी तिच्या नावाने लिहिली. ज्यांनी तिला मनातलं लिहिलं आणि उत्तर माझ्याकडून घेतलं, त्यांना मी फसवलं. कुणाला कुठलं उत्तर माझं हे जाणून घ्यायचं असेल तर विचारा, मी सांगेन. कार्यक्रम ठरल्या दिवशी आहे. तिकिटाचे पैसे परत हवे असतील तर खाली लिंक आहे. मी वाजवणार आहे. ती नसेल.

विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'लिहिणारी बाई आता नाही'. वाट न बघता पाठवलं.

रात्रीतून त्रेपन्न माणसांनी यादी सोडली. छत्तीस तिकिटं परत गेली. एकाने चार ओळींत चांगलीच हजेरी घेतली, आणि मास्तरांना त्यातलं एकही अक्षर खोडता येईना. काहींनी विचारलं की कुठलं उत्तर कुणाचं, त्यांना मास्तरांनी तारखेनिशी कळवलं. एका निवृत्त मुद्रितशोधकाने लिहिलं, 'चौथ्या पत्रापासून स्वल्पविराम संपले होते. आम्हाला वाटलं बाईंना चष्मा बदलायला झाला. असो. माझी दोन तिकिटं राहू द्या.'

कार्यक्रमाच्या दिवशी सत्त्याण्णव माणसं आली. मागच्या ओळी रिकाम्या, मधेच एखादा खोकणारा. पहिल्या तुकड्यात रीड एकदा चिरकली. समोर पाचसहा जण हसले. ते हसू थट्टेचं नव्हतं. त्यांना ती चिरक ओळखीची होती. मास्तर थांबले नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी फक्त लांब सूर वाजवले, आठ मिनिटं, एकामागून एक, मधे श्वास घेत. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. श्वासासाठी थांबले की सभागृहात काहीच ऐकू येत नसे, आणि ते प्रत्येक वेळी जरुरीपेक्षा थोडं जास्त थांबत.

नंतर लोक रांगेने भेटले. त्यांना बायकोची पत्रं तोंडपाठ होती. कुणाला पातेलं आठवत होतं, कुणाला 'गाढवा'. मास्तरांना काही गोष्टी नव्याच होत्या. तिने कुणाला तरी लिहिलं होतं की मास्तर झोपेत बोटं हलवतात, आणि मी ती मोजत झोपते. मास्तरांनी ते दोनदा सांगायला लावलं.

किल्लीवाली आली नव्हती. ती येणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी प्रत्येक ओळ पाहिली होती.

दाराशी लेक नवीन पत्ते लिहून घेत होती. एका तरुणीने विचारलं, "आता पत्रं कोण लिहिणार?"

लेकीने मास्तरांकडे पाहिलं.

"मी लिहीन," मास्तर म्हणाले. "तिच्यासारखी नसतील. तरीही हवी असतील तर पत्ता द्या."

तरुणीने जरा विचार केला आणि पेन मागितलं.